मुक्त, फुकट आणि विकत



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी विषय मागितला तेव्हा आम्ही त्यांना लिहून दिले: "धंद्याचा कारभार पाहणाऱ्या संगणक-प्रणालींच्या फुकट आणि विकत आवृत्त्यांची तुलना." त्यांनी तो कागद दोनदा वाचला आणि मोठ्या सौजन्याने विचारले, "वैशाखाच्या उकाड्यात हे लोकांना जड नाही ना जाणार?" जड आहे खरे. परंतु आज या मंडपात ज्यांचे दुकान आहे, लहान कारखाना आहे, ज्या एखाद्या शिक्षणसंस्थेच्या किंवा पतपेढीच्या कार्यकारिणीवर आहेत, त्यांच्या तिजोरीची किल्ली या विषयात गुंतलेली आहे. ती किल्ली कोणाच्या कमरेला असावी, एवढाच आमचा आजचा प्रश्न आहे.

आपल्या वाडवडिलांचा जमाखर्च लाल कापडात बांधलेल्या वह्यांत असे. रोजकीर्द, खतावणी, तेरीज. पाडव्याला वही विकत आणली, तिची पूजा केली, की ती आपली झाली. वही विकणारा कागदवाला पुढच्या वर्षी दारात येऊन "वर्गणी भरली नाहीत, आता वही उघडू देणार नाही," असे म्हणाल्याचे कोणी ऐकले आहे काय? आज मात्र असे घडू शकते, आणि ते बेकायदेशीरही नसते. वही संगणकात गेली आणि तिच्यावर तीन जणांचा हक्क उत्पन्न झाला. मजकूर आपला, वही बनवणारा दुसरा आणि वही ज्या कपाटात ठेवली आहे त्या कपाटाचा मालक तिसरा. या तिघांचे नाते नीट समजले नाही, तर फुकट काय आणि विकत काय याची तुलना करताच येत नाही.

प्रथम शब्दांचा घोळ मिटवू. इंग्रजीत एकाच शब्दाने "फुकट" आणि "मुक्त" असे दोन्ही अर्थ सांगितले जातात, आणि त्या दारिद्र्यामुळे त्या भाषेत गेली चाळीस वर्षे वाद चालला आहे. आपल्या भाषेत दोन शब्द आहेत, तेव्हा आपण भांडायचे कारण नाही. रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन गृहस्थाने 1983 साली ग्नू नावाच्या प्रकल्पाची घोषणा केली आणि 1985 मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ही संस्था काढली, तेव्हा त्याला मुक्त हा अर्थ अभिप्रेत होता. प्रणाली हवी तशी चालवावी, तिचे अंतरंग वाचावे, ते बदलावे, तिच्या प्रती दुसऱ्याला द्याव्यात. मग त्या प्रतीचे पैसे घेतले तरी त्याची हरकत नव्हती. म्हणजे मुक्त वस्तू विकत असू शकते. उलट फुकट वस्तू पूर्णपणे बंदिस्तही असू शकते. आपल्या खिशातील फोनवर अशा बंदिस्त फुकट वस्तूंची रांगच लागलेली आहे.

आता उदाहरण घेऊ. हवेतील तुलना करण्यात अर्थ नसतो. बेल्जियम देशात 2005 साली फाबियँ पिंकार्स नावाच्या तरुणाने एक प्रणाली तयार केली. तिचे पहिले नाव टायनी ईआरपी, पुढे ओपन ईआरपी आणि 2014 पासून ओडू. विक्री, खरेदी, साठा, उत्पादन, दुकानाचा गल्ला, संकेतस्थळ, कर्मचारी अशा कामांसाठी तिच्यात वेगवेगळे विभाग आहेत. त्यांना मॉड्यूल म्हणतात. जुन्या घराचा हिशेब आपण खणांत करतो ना, तीन खणी घर, पाच खणी घर, तसेच हे. आज दोन खण घ्यावेत, धंदा वाढला की तिसरा जोडावा. पण खण एकमेकांपासून तुटलेले नसतात. विक्रीच्या खणात बिल झाले, की साठ्याच्या खणातून माल कमी होतो आणि हिशेबाच्या खणात नोंद पडते. या गुंफणीतच तिची सारी किंमत आहे, आणि पुढे दिसेल की अडचणही त्या गुंफणीतूनच निघते.

प्रारंभीची दहा वर्षे ही प्रणाली संपूर्ण मुक्त होती. कंपनी सेवा विकत असे. प्रणालीतील कोणताही खण कुलपात नव्हता. 2015 साली नववी आवृत्ती आली आणि घराचे दोन मजले झाले. तळमजला कम्युनिटी, म्हणजे मुक्तही आणि फुकटही. वरची माडी एंटरप्राइझ, म्हणजे वर्गणी भरणाऱ्यांसाठी. त्याच वेळी परवान्याचे कलमही बदलले. आठव्या आवृत्तीपर्यंतचा परवाना कडक होता: सुधारणा करून लोकांना जाळ्यावरून वापरायला द्याल, तर ती सुधारणाही त्यांच्यापुढे खुली ठेवली पाहिजे. नववीपासूनचा परवाना सौम्य आहे. मुक्त पायावर बंदिस्त माडी चढवायला तो आड येत नाही. हा बदल फारच थोड्यांच्या ध्यानात आला. आमच्या मते मात्र त्या वर्षीची खरी बातमी तीच होती.

तळमजल्यावर काय मिळते? पुष्कळ मिळते, हे प्रथम मोकळेपणाने सांगितले पाहिजे. ग्राहकांची नोंद, विक्रीचे अंदाजपत्रक, खरेदी, कोठारातील साठा, उत्पादन, बिले, दुकानाचा गल्ला, ऑनलाइन दुकान, प्रकल्प, कर्मचाऱ्यांची हजेरी आणि रजा, हे सारे खण एक पैसा न देता वापरता येतात आणि कितीही माणसांनी वापरले तरी चालते. भारतातील खात्यांची रचना आणि वस्तू व सेवा कराचे दरही त्यात येतात. एखाद्या पंचवीस माणसांच्या कारखान्याने आयुष्यभर तळमजल्यावरच संसार केला तर त्याचे काही अडणार नाही, असे आम्ही म्हणालो असतो. पण एक मोठा अपवाद आहे, आणि तो नेमका हिशेबाच्या खणात आहे.

तळमजल्यावर बिल करता येते, पैसे आल्याची नोंद करता येते. पण ताळेबंद, नफातोटा पत्रक, कराचे विवरणपत्र तयार करण्याचे अहवाल, बँकेच्या उताऱ्याशी जमाखर्च जुळवण्याचे सोयीचे पटल, हे सगळे माडीवर. त्यातील बँक जुळवणीची हकीकत विशेष ऐकण्यासारखी आहे. ती सोय पूर्वी तळमजल्यावर होती. 2020 साली चौदावी आवृत्ती आली आणि ती माडीवर गेली. म्हणजे भाडेकरू सकाळी उठून पाहतो तो मोरीचे दार आतून बंद, आणि किल्ली माडीवर! बेकायदेशीर यात काहीच नाही. पुढच्या आवृत्तीत काय द्यावे हा कंपनीचा अधिकार आहे. आणि येथेच मुक्त आणि फुकट यांतला भेद कामाला आला. वस्तू केवळ फुकट असती तर लोक हात चोळीत बसले असते. ती मुक्त होती, म्हणून ओडूच्या वापरकर्त्यांच्या एका स्वयंसेवी मंडळाने जुना भाग उचलला, तो नव्या आवृत्तीत बसता केला आणि सर्वांना खुला करून दिला. या मंडळाचे नाव ओडू कम्युनिटी असोसिएशन. ताळेबंदासारखे अहवालही त्यांनी आपल्या परीने तयार केले आहेत. त्यांचे काम माडीवरच्याइतके गुळगुळीत नाही, पण ते आहे आणि चालते.

माडीवर आणखी काय आहे? पगारपत्रक, बारकोड, गुणवत्ता-तपासणी, कागदपत्रांचे कपाट, सह्या घेण्याची सोय, ग्राहकांच्या तक्रारींची नोंद, आणि स्टुडिओ नावाचे एक साधन, ज्याने प्रोग्रामिंग न येणारा माणूसही स्वतःच्या कामाचे नमुने बनवू शकतो. परंतु ही यादी वाचून निर्णय घेणारे गृहस्थ आमच्या मते चुकीच्या पानावर बोट ठेवून बसलेले असतात. माडीची वर्गणी ज्यासाठी खरोखर द्यावी अशी गोष्ट यादीच्या तळाशी असते, आणि तिचे नाव आहे आवृत्ती-बदल.

ही गोष्ट थोडी सविस्तर सांगतो. ओडूची नवी आवृत्ती दर वर्षी निघते आणि प्रत्येक मोठ्या आवृत्तीला कंपनी तीन वर्षे सांभाळते. त्यानंतर सुरक्षेची डागडुजी बंद. नव्या आवृत्तीत जायचे म्हणजे नुसती नवी प्रणाली आणून बसवणे नव्हे. जुन्या वह्यांतील प्रत्येक नोंद नव्या आखणीच्या वहीत उतरवायची. कोष्टकांची नावे बदललेली, रकाने सरकलेले, काही रकाने नाहीसे झालेले. वर्गणीदारांसाठी हे उतरवण्याचे काम कंपनी करते. तळमजल्यावरच्यांनी ते स्वतः करायचे, किंवा त्याच स्वयंसेवी मंडळाच्या ओपन-अपग्रेड नावाच्या साधनांनी जाणकाराकडून करवून घ्यायचे. आणि ती साधने सर्व खणांसाठी एकाच वेळी तयार होत नाहीत. आमच्या परिचयाचे एक हार्डवेअरचे व्यापारी आहेत. त्यांच्याकडे फुकटची आवृत्ती एका हुशार मुलाने बसवून दिली, वर हौसेने पंधरावीस बदलही करून दिले. मुलगा परदेशी गेला. आज त्यांच्या दुकानात ती प्रणाली उत्तम चालते, फक्त तिला हात लावायची कोणाची छाती होत नाही. फुकट घेतलेल्या वस्तूची किंमत त्या दिवशी आकारली गेली नाही, इतकेच; ती खात्यावर मांडलेली आहे.

उलट बाजूही तितक्याच कठोरपणे पाहिली पाहिजे. माडीवरच्या खणांचे अंतरंग वर्गणीदाराला वाचायला मिळते, पण त्याची प्रत दुसऱ्याला देता येत नाही. वर्गणी संपली की पडद्यावर प्रथम सूचना येते, आणि नूतनीकरण झाले नाही तर पुढे काम अडते. "मग आम्ही तळमजल्यावर परत जाऊ," असे कोणी म्हणेल. जाता येते, पण जिना वाटतो तितका सोपा नाही. या प्रणालीत एखादा खण काढून टाकला की त्या खणातील नोंदीही जातात. पगारपत्रके माडीवरच्या खणात पाच वर्षे लिहिली असतील, तर खाली उतरताना ती आधी वेगळी काढून ठेवावी लागतात. वर जाताना कोणी हे सांगत नाही. वर जाण्याची घाई विक्रेत्यालाही असते आणि आपल्यालाही.

वर्गणीचा आकार कसा असतो तेही पाहा. ती माणशी, दरमहा असते. 2022 पर्यंत खणागणिक आकार होता. त्या वर्षापासून एकाच दरात सर्व खण मिळू लागले. याचा फायदा कोणाला? ज्याच्याकडे माणसे थोडी आणि कामे नाना प्रकारची, त्याला. ज्याच्याकडे माणसे पुष्कळ आणि प्रत्येकाचे काम एवढेसे, उदाहरणार्थ कोठारातील वीस हमालांनी दिवसातून दोनदा नोंद करायची, त्याला तोटा. हिशेबापुरता माणशी दरमहा 600 रुपये असा दर धरू. पंधरा माणसांचे वर्षाला 1,08,000 रुपये होतात. तळमजल्यावर वर्गणी शून्य, पण भाड्याचे यंत्र, ते सांभाळणारा तंत्रज्ञ आणि दोन-तीन वर्षांनी होणारा आवृत्ती-बदल यांचा खर्च आहे. तो मांडून पाहिला, तर काही ठिकाणी तो एक लाख आठ हजारांच्या वर जातो आणि काही ठिकाणी निम्म्यावर येतो. आमच्या अनुभवाने, ज्या संस्थेत पगारावर एक तरी जाणकार मनुष्य आहे तेथे तळमजला परवडतो. जेथे नाही तेथे तो महाग पडतो. ओळखीचा भाचा हा पगारी जाणकार नव्हे.

आता तिसऱ्या एका फुकटाबद्दल. ओडू कंपनी आपल्या यंत्रावर एक खण कायमचा फुकट देते, माणसे कितीही असोत. पुष्कळांना वाटते की हीच ती मुक्त आवृत्ती. अजिबात नव्हे. येथे वही त्यांची, कपाटही त्यांचे. आपला फक्त मजकूर. आणि दुसरा खण जोडला की सगळ्याची वर्गणी सुरू. खण एकमेकांत गुंफलेले असतात हे मघाशी सांगितले. ज्याचे विक्रीचे काम फुकट चालले आहे त्याला सहा महिन्यांत साठ्याचा खण हवासा वाटणार, हे ती प्रणाली बांधणाऱ्याला पुरते ठाऊक असते. यात आम्हाला लबाडी दिसत नाही. मिठाईवालाही एक तुकडा चाखायला देतो. पण चाखायला दिलेल्या तुकड्याला कोणी अन्नछत्र म्हणू नये.

सर्वच मुक्त प्रणालींना माडी बांधावी लागते असे मात्र नाही, आणि याचे उदाहरण आपल्या मुंबईतच आहे. फ्रॅपे नावाची कंपनी ईआरपी-नेक्स्ट ही प्रणाली बनवते. हिशेब, साठा, उत्पादन, खरेदी-विक्री असे तिचेही खण आहेत. पण तिच्यात माडी नाही. ताळेबंदासह सगळे खण मुक्त परवान्याखाली सर्वांना खुले आहेत. वस्तू व सेवा कराच्या कामासाठी वेगळा खण आहे, तोही मुक्त. मग कंपनी पोट कसे भरते? कपाट भाड्याने देऊन आणि सेवा विकून. आपल्याला यंत्र सांभाळणे जमत नसेल तर ते ती सांभाळते. भाडे कपाटाच्या आकारावर असते, माणसे मोजून घेतले जात नाही. आपल्याला एखाद्या दिवशी वाटले, की कपाट स्वतःच्या घरी आणावे, तर तीच वही, त्याच खणांसह, घरी येते. आम्हाला हा मार्ग अधिक सरळ वाटतो. तथापि त्याची एक मर्यादा आहे. भाड्याच्या उत्पन्नावर जेवढे कारागीर पोसता येतात तेवढाच वेग. पगारपत्रकापासून सह्यांपर्यंत प्रत्येक खणाला जी सफाई ओडूच्या माडीवर दिसते ती वर्गणीच्या पैशातून आलेली आहे, हे नाकारण्यात काय हशील?

आणि पैसा कोठूनतरी यावाच लागतो. जगातील असंख्य संकेतस्थळांचे गुप्त व्यवहार ज्या ओपन-एसएसएल या मुक्त भागावर विसंबलेले होते, त्यात 2014 च्या एप्रिलमध्ये हार्टब्लीड नावाचे मोठे भगदाड सापडले. चौकशीला लागल्यावर लोकांना कळले, की ज्याच्या भरवशावर मोठमोठ्या कंपन्या अब्जावधींची उलाढाल करीत होत्या, ते सांभाळायला पूर्णवेळ पगारी माणसे जवळजवळ नव्हतीच. वापरणारे लाखो आणि भांडी घासायला एक! त्यानंतर बड्या कंपन्यांनी मदतीचा हात पुढे केला. म्हणून कोणी मुक्त प्रणालीची वर्गणी, भाडे किंवा देणगी देत असेल, तर तो ठकला असे आम्ही म्हणणार नाही.

मुक्त परवान्यात एक शेवटचा आधार असतो. तो म्हणजे वेगळी चूल. टायनी ईआरपीच्या काळातच, 2008 साली, काही मंडळींनी तिच्यापासून फुटून ट्रायटन नावाची प्रणाली उभी केली, आणि ती आजही चालू आहे. 2010 मध्ये ओपन-ऑफिसवाल्यांतून लिबर-ऑफिस निघाले. 2023 मध्ये टेराफॉर्म या प्रणालीचा परवाना तिच्या मालक कंपनीने आवळला, तेव्हा काही आठवड्यांतच ओपन-टोफू हा फाटा फुटला. वेगळी चूल मांडणे हे चार माणसांच्या कुटुंबाचे काम नव्हे. आपल्या गावातील एखादा व्यापारी उठून ते करणार नाही. पण ती मांडली जाऊ शकते, एवढ्या जाणिवेनेही मालकाचा हात थोडा आखडतो.

कायद्याची एक गोष्ट राहिली. 1 एप्रिल 2023 पासून आपल्याकडील कंपन्यांवर बंधन आले आहे, की हिशेबाची प्रणाली अशी असावी जिच्यात प्रत्येक नोंदीतील बदल तारखेसह आपोआप टिपला जाईल, आणि ही टिपणी बंद करता येणार नाही. फुकट असो की विकत, हे कलम दोन्हींना सारखेच लागू आहे. परंतु ज्याच्याकडे अंतरंग बदलण्याचा अधिकार आहे त्याला लेखापरीक्षक साहजिकच अधिक प्रश्न विचारणार. तेव्हा मुक्त आवृत्ती वापरणाऱ्या कंपनीने ती कोणी बदलली, केव्हा आणि काय, याची लेखी नोंद ठेवावी. एकट्या मालकाच्या दुकानाला हे बंधन नाही, पण सवय वाईट नाही.

आता कोणी हातावर घड्याळ दाखवून विचारील, "तुमचे ऐकले, आम्ही घ्यावे काय?" दोन माणसांचे दुकान असेल आणि एकाच खणाचे काम असेल, तर कंपनीच्या यंत्रावरचा फुकट खण खुशाल घ्यावा, मात्र दर महिन्याला आपल्या नोंदी उतरवून स्वतःच्या घरी आणाव्यात. कारखाना असेल, उत्पादन आणि साठा हेच मुख्य काम असेल आणि हिशेब तपासनीस वेगळ्या प्रणालीत ठेवीत असेल, तर कम्युनिटीसारखा तळमजला पुरतो. पगारी जाणकाराची अट मात्र सोडू नये. शिक्षणसंस्था आणि सहकारी संस्था यांच्याबाबत आमचा कल स्पष्टपणे माडी नसलेल्या प्रणालीकडे आहे. तेथे कार्यकारिणी बदलते, चिटणीस बदलतो, एखाद्या वर्षी वर्गणीचा ठराव राहून जातो, आणि सभासदांच्या नोंदी वर्गणीच्या तारखेला बांधलेल्या असणे बरे नाही. ज्यांच्याकडे पैसा आहे, वेळ नाही आणि कामे दहा प्रकारची आहेत, त्यांनी वर्गणी भरावी आणि निश्चिंत असावे, पण सही करण्यापूर्वी विक्रेत्याला एक विचारावे, "आम्ही उद्या सोडून निघालो तर आमच्या नोंदी कोणत्या रूपात, किती दिवसांत आणि किती पैशांत परत द्याल?" उत्तर लेखी घ्यावे.

आणि ज्यांनी कोणती ना कोणती प्रणाली आधीच घेतलेली आहे, त्यांच्यासाठी एक छोटे काम आम्ही आज देऊन ठेवतो. येत्या रविवारी आपल्या हिशेबाची जतन केलेली प्रत मागवा, ती दुकानातल्या नव्हे तर दुसऱ्याच एखाद्या यंत्रावर उघडायला सांगा, आणि गेल्या दिवाळीतील पाडव्याचे पहिले बिल शोधून दाखवायला सांगा. मघाशी सांगितलेल्या हार्डवेअरच्या व्यापाऱ्यांनी हे केले. प्रत रोज रात्री बिनचूक निघत होती. ती उघडायचा संकेतशब्द तेवढा त्या मुलाबरोबर परदेशी गेला होता. एका दूरध्वनीत तो मिळाला, आणि आता तो तिजोरीत, कागदावर लिहून ठेवलेला आहे.